बातमी बाहेरून कळली म्हणून

नाशिक

सुरगाण्याच्या बाजूला लोक डोंगर बघायला जातात. मी भांडायला गेलो होतो. त्यामुळे या प्रवासात धबधबे कमी आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

भांडण माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीशी होतं. सुमन शिक्षिका म्हणून तिकडच्या उंबरमाळ नावाच्या गावात गेली आणि तिथलीच झाली. नवरा गेला, नोकरी संपली, तरी नाशिकला परत आली नाही. मी इथे मार्केट यार्डात भाजीचा व्यापारी. सायकलच्या कॅरिअरला कोथिंबिरीच्या जुड्या बांधून नाशिक रोडच्या कॉलन्यांमधून ओरडत फिरायचो, तिथून स्वतःच्या गाळ्यापर्यंत आलो. कोणी हात धरून आणलं नाही. म्हणून माझा मान मी मागून घेतो. कोणी विसरलं तर आठवण करून देतो.

आमच्या धंद्यात हॉर्नचा भाव म्हणून एक प्रकार आहे. डोंगरातले चार-पाच शेतकरी मिळून एक पिकअप करतात आणि संध्याकाळी यार्डात माल उतरवतात. लिलावात मनासारखा भाव निघाला नाही की आपापल्या जाळ्यांवर, म्हणजे मालाच्या क्रेटांवर, हात ठेवून बसून राहतात. मीही बसतो. चहा पितो. मग पिकअपवाला परत निघायच्या घाईनं हॉर्न वाजवतो. पहिल्या हॉर्नला शेतकरी उभा राहतो. दुसऱ्याला माझ्याकडे बघतो. तिसऱ्याला मी भाव सांगतो आणि तो हो म्हणतो, कारण पिकलेला टोमॅटो परत डोंगरात नेऊन करणार काय? यात मला चोरी दिसत नाही. थांबायची ताकद ज्याच्याकडे, भाव त्याचा.

पाऊस ओसरत आला तेव्हाची गोष्ट. उंबरमाळचा मंगळू माल घेऊन आला होता. तिसरा हॉर्न वाजला, मी भाव सांगितला. त्यानं मान हलवली आणि जाळ्या उचलून पुन्हा पिकअपमध्ये ठेवायला लागला.

"अरे, नेऊन काय सगळ्याची चटणी करणार का?"

"खोलीत ठेवतो, शेठ. भाव उठला की आणतो."

"कसली खोली?"

"थंड खोली. उन्हावर चालती. तुमच्या सुमनबाईंनीच तर सगळी खटपट केली." मग तो माझ्या तोंडाकडे बघून थांबला. "तुमाला ठाव नाय? गावजेवण झालं, शेठ. लय मोठं."

शेजारच्या गाळ्यावरचा दत्तू कान देऊन ऐकत होता. तो म्हणाला, "काय रंगाशेठ, बहिणीकडं जेवण आणि भावाला पत्ता नाही?" आणि हसला. ते हसणं मी घरी घेऊन गेलो.

ज्याला बहीण आहे त्याला हे समजावून सांगायला नको. बातमी चांगली की वाईट हा पुढचा प्रश्न. ती कोणाकडून कळली, हा पहिला. आमच्याकडे लग्न ठरल्याचं उशिरा कळलं म्हणून माणसं लग्नाला जात नाहीत, गेलीच तर मंडपाबाहेरून अक्षता टाकून परततात. मी तर सख्खा भाऊ, आणि मला मंगळूकडून कळलं. दत्तूच्या समोर कळलं.

मी फोन केला नाही. फोनवरचं भांडण फुकट जातं. शोभाला, म्हणजे बायकोला, सांगितलं, "उद्या जातो. तोंडावर विचारतो. धड उत्तर आलं नाही तर यंदा भाऊबीजेला मी त्या घरात पाय ठेवणार नाही."

सकाळी गाडी काढली तेव्हा मागच्या सीटवर पेढ्यांचा बॉक्स होता.

"हे काय?"

"भांडायला जाताय ना, जा," शोभा म्हणाली. "पण बहिणीच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहायचं नाही."

दिंडोरी

दिंडोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात. त्या दिवसांत गोडी छाटणी चालू असते. वेली बोडक्या करून ठेवतात आणि त्यांच्यातूनच पुढे घड येतात. उघड्या काड्या आणि वर दाटलेलं आभाळ बघितलं की बागायतदार हवामानाच्या बातम्या लावून बसतो. माझा जुना ओळखीचा बाळासाहेब मात्र बांधावर उभा राहून शीळ घालत होता. मी गाडी थांबवली, तीच चूक झाली.

"उतर, चहा घे."

"वेळ नाही. भांडायला चाललोय."

"मग तर घेच. रिकाम्या पोटी आवाज चढत नाही."

ओट्यावर बसलो. बसलो कसला, टेकलो. त्यानं विहिरीकडे बोट दाखवलं. विहिरीजवळ सोलरच्या काचा उन्हाकडे तोंड करून उभ्या होत्या. पूर्वी शेतीची वीज यायची रात्री. बाळासाहेब वर्षानुवर्षं बॅटरी आणि काठी घेऊन रात्री मोटर चालू करायला जायचा. एकदा पायाजवळून नाग गेला, एकदा बिबट्याचे डोळे चमकले. आता सूर्य वर आला की पंप चालू, मावळला की बंद.

"रात्री झोपतो मी आता, रंगनाथ. माणसासारखा."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "आणि आम्ही जागतो! भावजी, इतकी वर्षं हे घोरतात हे मला माहीतच नव्हतं. परत रात्रीची वीज मिळती का बघा कुठं."

बाळासाहेब हसून हसून लाल झाला. मला हसू आलं नाही. दुसऱ्याच्या घरात सगळं सुरळीत असलं की माझा पाय तिथे ठरत नाही. अर्धा चहा तसाच ठेवून निघालो.

वणीच्या पुढे

वणी सुटली की रस्ता वळायला लागतो आणि आपलं डोकंही. द्राक्षं मागे पडतात. भाताची खाचरं पिवळी पडू लागलेली असतात, उतारावर नागली, म्हणजे नाचणी, उभी असते, कणसं मुठीसारखी मिटलेली. शोधून भांडण काढावं असं त्या प्रदेशात काही नाही. मी वाक्यं पाठ करत चाललो होतो. पहिलं वाक्य ठरलं होतं: "मी मेलो होतो का?"

त्याच वाक्यावर टायर बसला.

सुदैवानं फाट्यावर एक पंक्चरवाला होता. पत्र्याची टपरी, वर सोलरच्या दोन काचा, त्यावर त्याची हवा भरायची मोटर चालत होती. मी आधी भाव ठरवायला लागलो. तो म्हणाला, "आधी पाणी प्या. भाव काय पळून जातो का?" ही त्या मुलुखातली पद्धत. आमच्याकडे भाव ठरेपर्यंत पाणी विचारत नाहीत, कारण पाणी प्यायलेला माणूस नरमतो.

चाक उघडता उघडता त्यानं विचारलं, "शेठ, बातमी ऐकली का? विलायतेत कोळशाची शेवटची वीजभट्टी बंद झाली. ज्यांनी कोळशाचा धूर जगाला शिकवला, त्यांनीच विझवली."

मी नाशिकचा माणूस. एकलहऱ्याच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमण्या बघत मोठा झालो. पंक्चरच्या टपरीवर विलायतेतली भट्टी निघेल असं वाटलं नव्हतं.

"तुला काय त्याचं?"

"मला काय? माझी पंक्चरं ती पंक्चरंच. पण बरं वाटलं."

"कुठं वाचलंस?"

"उंबरमाळच्या भिंतीवर. बाई लिहितात ना. एक बातमी दूरची, एक जवळची. एसटीचा कंडक्टर वाचून येतो, मला सांगतो, मी गिऱ्हाइकाला सांगतो."

म्हणजे विलायतेची बातमी माझ्या बहिणीकडून या टपरीपर्यंत पोचत होती, आणि तिच्या स्वतःच्या गावची बातमी नाशिकला सख्ख्या भावापर्यंत पोचत नव्हती. मी पैसे दिले, घासाघीस न करता. इतका राग आला होता.

उंबरमाळ

गावात शिरताना पहिली ती भिंतच लागते. शेजारी पांढरी, खोक्यासारखी खोली, तिच्या छपरावर काचा. भिंत गेरूनं सारवलेली, वर खडूनं लिहिलेलं. सुमनचं अक्षर मी कुठेही ओळखीन. "दूरची: पोर्तुगाल नावाच्या देशाने सलग काही दिवस फक्त वारा, पाणी आणि ऊन यांच्या विजेवर आपला कारभार चालवला." आणि खाली, "जवळची: सोनीबाईची हरवलेली शेळी सापडली."

शेळीसुद्धा भिंतीवर होती. मी नव्हतो.

पेढ्यांचा बॉक्स काखेत मारला आणि सुमनच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. ती घरात नव्हती. तिची सून कविता सुपात उडीद पाखडत होती. भाचा नितीन सोलरच्या कामावर दुसऱ्या गावी गेला होता. मला बघून कविता उठली, डोक्यावर पदर घेतला. पण माझं तोंड सुटलं होतं, आणि पाठ केलेलं वाक्य नेमकं विसरलो.

"गोड बातमी लपवून ठेवता होय? अं? सगळ्या यार्डाला माहीत आणि मामाला पत्ता नाही? मला बाहेरून कळावी?"

कविताच्या हातातलं सूप कललं. उडीद अंगणभर झाले. तिनं माझ्याकडे बघितलं, मग पेढ्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मामा," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मंगळूनं!"

"मंगळूदादाला कसं कळलं? मी तर आईंना पण..." आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

माझ्या मागे कोणीतरी उभं होतं. मी वळलो. सुमन होती. खोलीकडून आली होती, अंगावर जुना स्वेटर, हातात टोमॅटोची जाळी. तिनं जाळी खाली ठेवली. रागावली नाही. पायरीवर बसली.

"कविता," ती म्हणाली, "खरं?"

"आई, तिसरा सरेपर्यंत कोणाला सांगू नये म्हणतात. म्हणून आम्ही दोघांनी..."

"कोणाला म्हणजे मला?"

कविता रडायच्या बेतात आली. सुमन माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे दिसत होतं ते मी बरोबर ओळखलं. यार्डात दत्तू हसला तेव्हा माझं तोंड तसंच झालं असणार.

"माझ्या घरातली बातमी," ती म्हणाली, "मला नाशिकहून आलेल्या भावाकडून कळते."

"सुमे, मी त्याबद्दल बोलतच नव्हतो!"

"मग?"

"त्या खोलीबद्दल! थंड खोली!"

"तिला गोड बातमी म्हणतात होय रे?"

"मग काय म्हणतात?"

"चांगली बातमी म्हणतात, दादा! सगळा जन्म मालाची पारख करण्यात गेला तुझा, आणि गोड आणि चांगल्यातला फरक कळू नये?"

कविता आधी हसली. डोळे पुसत, उडदांच्या मधोमध उभी राहून हसली. मग सुमन. ती हसताना अजूनही आमच्या आईसारखी डोळे मिटून घेते. मला हसायचं नव्हतं. मी पेढे उघडले आणि पहिला सुमनच्या तोंडात कोंबला, तेवढाच तिचा आवाज बंद. मग तिनं कविताला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि उडीद वेचायला बसली. कविताला म्हणाली, "तू वाकू नकोस आता." मीही बसलो वेचायला. उभा राहून तरी काय करणार होतो?

उडीद संपले तसं खरं भांडण सुरू झालं.

"का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होते? 'दादा, तुझा हॉर्न बंद पडला, ये जेवायला' असं? यार्डात तू काय करतोस ते इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. ते तुझा राग करत नाहीत, धंदा म्हणतात. पण त्यांच्या पंगतीत तुला कुठं बसवू? मला ही बातमी चांगली, त्यांना चांगली. तुला तोट्याची. तोट्याची बातमी घेऊन भावाच्या दारात मी कशी येऊ?"

"बंद पडला तर पडू दे! माझा हॉर्न, मी बघून घेईन! पण तू सांगायचं होतंस. दत्तू हसला, सुमे. मंगळूनं मला सांगितलं आणि दत्तू हसला!"

तिनं सूप उचलून भिंतीला टेकवलं. मग म्हणाली, "ते मात्र माझ्या ध्यानात आलं नाही."

एवढंच. माफी वगैरे आमच्याकडे मागत नाहीत. ती आत गेली आणि भाकऱ्या थापायला बसली.

नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरसणीची काळी चटणी. खुरसणी म्हणजे त्या डोंगरातलं तेलबी. पिवळ्या फुलांचं शेत बघितलं तर सोन्यासारखं, चटणी मात्र डांबरासारखी, आणि चव अशी की मी भांडण विसरून दुसऱ्यांदा मागितली. पण बसवेना. जेवून हात धुतले आणि म्हणालो, "चल, दाखव ती खोली."

दार उघडलं तसा थंड वारा अंगावर आला. बाहेर आश्विनातलं ऊन भाजत होतं. सुमननं सांगितलं ते असं: दिवसा उन्हाच्या विजेवर आतल्या टाकीत बर्फ जमतो, आणि ऊन गेलं की तोच बर्फ रात्रभर खोली थंड ठेवतो. मी टोमॅटो उचलून दाबून बघितला. कडक. देठ हिरवा. दर्जेदार माल. हात आपोआप पुढे गेला.

जाळ्यांपाशी जिवलीबाई म्हणून एक म्हातारी बसली होती, तो माल तिचा. मी भाव सांगितला. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी भाव थोडा चढवला. तिनं तंबाखू मळली. मी उठून जायचं नाटक केलं, दारापर्यंत गेलो, परत आलो. तीस वर्षांत हे नाटक वाया गेलेलं नाही.

"आज नाही देयचा, भाऊ," ती म्हणाली.

"मावशी, मग कधी?"

"माल थंड आहा. आमीपण थंड आहों." आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तूच एक गरम दिसतोस."

बाहेर बसलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. मी मान्य करतो, व्यापारी म्हणून मला तिचा आधी राग आला आणि मग कौतुक वाटलं. थांबायची ताकद ज्याच्याकडे, भाव त्याचा. वाक्य माझंच होतं. फक्त आता ते तिच्या बाजूनं बसलं होतं, तंबाखू मळत.

संध्याकाळी भिंतीपाशी लोक जमले. रोजच जमतात. सुमन ओल्या फडक्यानं जुनं पुसते आणि नवं लिहिते. पण पाहुणा आला असेल तर दूरची बातमी त्यानं द्यायची, हा रिवाज. त्यांच्या लेखी नाशिक म्हणजे दूरच.

"सांग, दादा," सुमन खडू घेऊन म्हणाली.

मला घाम फुटला. चांगली बातमी. नाशिकची. टोमॅटो पडला ही माझी चांगली बातमी, त्यांची नाही. टोमॅटो चढला ही त्यांची, माझी नाही. एक बातमी मात्र जिभेवर नाचत होती, पण ती तिसरा महिना सरल्याशिवाय काढायची नव्हती. कविता दारातून माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिचा दागिना हातात धरून उभा आहे. सगळे थांबले होते. थांबण्यात ते माझ्याहून सरस, हे दुपारीच कळलं होतं.

"दिंडोरीला एक शेतकरी आहे," मी म्हणालो. "आयुष्यभर रात्रीची मोटर चालवली त्यानं. साप, बिबटे, सगळं बघितलं. आता उन्हावर पंप चालतो. आता तो रात्री झोपतो."

कोणी हसलं नाही. एक-दोन माणसांनी नुसत्या माना हलवल्या, ज्यांनी कधीतरी रात्री असा चिखल तुडवला असेल त्यांनी. मग जिवलीबाईनं विचारलं, "त्याची बायको काय म्हणती?"

"म्हणती, घोरतो. रात्रीची वीज परत द्या."

अख्खी भिंत हादरेल असे हसले. सुमननं दोन्ही गोष्टी लिहिल्या, घोरण्याची सुद्धा. सकाळी ज्या बातमीवर मी अर्धा चहा टाकून उठलो होतो, ती माझ्या तोंडून भिंतीवर गेली, आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं फाट्यावर पोचली. मी रात्री सुमनकडेच मुक्काम केला होता; परतीच्या वाटेवर पंक्चरवाल्यानं ती मलाच ऐकवली.

परत

निघताना गाडीपाशी सुमनशी सौदा केला. "यापुढे पहिली बातमी मला. बाहेरून नाही."

"चांगली आधी, की तुझ्या तोट्याची?"

"तोट्याची आधी."

"आणि ओरडायचं नाही."

"ते जमणार नाही. ओरडीन. पण आधी मला."

"ठरलं," ती म्हणाली. माझ्याशी सौदा करून पहिल्याच भावाला ठरलं म्हणणारी ती एकटी.

घरी शोभानं विचारलं, पेढे कशाचे वाटले? मी म्हणालो, थंड खोलीचे. पोटात बातमी ठेवून झोपणं किती कठीण असतं! मी रात्री तीनदा पाणी प्यायला उठलो. शोभाला संशय आला, पण तिनं ताणलं नाही. भाऊबीजेला आम्ही दोघं उंबरमाळला गेलो. तोवर तिसरा सरला होता. सुमननं मला ओवाळलं, कवितानं पुढे येऊन शोभाच्या कानात सांगितलं, आणि शोभानं तिथल्या तिथे मला चिमटा काढला. आता लिहायला हरकत नाही, म्हणून हे लिहिलं.

कालपरवाच दुपारी गाळ्यावर असताना सुमनचा फोन आला.

"दादा, बसलायस का? बस. तुझ्या तोट्याची बातमी आहे. नितीन आत्ताच सांगून गेला, अजून गावातही कोणाला माहीत नाही. आमच्या पलीकडच्या तीन गावांत अशाच खोल्या होणार आहेत. काम सुरू झालं."

मी ओरडलो. ठरल्याप्रमाणे. ती तिकडे शांतपणे ऐकत राहिली. फोन ठेवला, गाळ्यात दोन फेऱ्या मारल्या, एका रिकाम्या जाळीला लाथ घातली. ती तीन गावं म्हणजे माझे निम्मे हॉर्न.

मग शेजारच्या गाळ्यावर गेलो. दत्तू हिशेब सोडून वर बघायला लागला.

"काय रंगाशेठ?"

"तुला बाहेरून कळू नये," मी म्हणालो, "म्हणून सांगायला आलोय."